मार्लेश्वरची घळ पाहायला जाताना

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखपासून सुमारे १७ किलोमीटरवर, मारळ गाव ओलांडल्यावर, रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याशी संपतो. उभ्या कड्यांच्या बेचक्यात धारेश्वर धबधबा कोसळतो, त्याचे पाणी बाव नदीला मिळते आणि शेजारच्या कपारीत मार्लेश्वराचे गुहामंदिर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी संगमेश्वर रोड स्थानकावर उतरून देवरुख गाठावे आणि परतीच्या एसटीची वेळ देवरुखच्या स्थानकातच विचारून घ्यावी.

भर पावसात धबधबा ऐन जोमात असतो, पण पुष्कळदा धुक्यामुळे त्याचा केवळ आवाजच ऐकू येतो. शिवाय श्रावणी सोमवारी दर्शनाची रांग मोठी असते. म्हणून घळ नीट पाहायची असेल, तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा, असे माझे मत आहे. मकरसंक्रांतीला मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांच्या विवाहाची मोठी यात्रा भरते. तो सोहळा अवश्य पाहावा, मात्र त्या दिवशी निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

वर जाण्यासाठी ५०० हून अधिक पायऱ्या आहेत. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून गुळगुळीत तळव्याच्या चपला टाळाव्यात आणि चढापेक्षा उताराला अधिक वेळ राखून ठेवावा.

खरी सावधगिरी पाण्याच्या बाबतीत बाळगायला हवी. येथील काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि उतार तीव्र असल्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस अनेक पऱ्ह्यांतून (लहान ओढ्यांतून) झपाट्याने खाली येतो. त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही प्रवाह अचानक फुगू शकतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा खळखळाटाची घरघर झाली, की सामान गोळा करीत न बसता तत्काळ काठ सोडून उंचावर जावे. धबधब्याखालच्या डोहात उतरूच नये. पोहणाऱ्यालाही तेथील ओढ आवरत नाही.

गुहेत समयांचा मंद उजेड असतो आणि कपारींत सापांचा वावर असतो. डोळे सरावेपर्यंत दाराशीच थांबावे, भिंतीच्या फटींत हात घालू नये आणि मोबाईलची बॅटरी लावू नये. साप दिसला, तर पुजारी सांगतील तसे वागावे.