उतारावरील मातीची धूप ड्रोनच्या छायाचित्रांतून कशी मोजावी

गोव्यातील सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यांत उतारावर नव्याने लावलेल्या काजूबागेतून पावसाळ्यात किती माती वाहून जाते हे पाहायचे असेल, तर पहिले उड्डाण मे महिन्यात, गवत वाळलेले असताना करावे. (दाट झालेल्या बागेत जमीनच दिसत नाही.) दुसऱ्या उड्डाणासाठी ऑक्टोबर निवडण्याचा मोह टाळावा, त्या वेळी रान माजलेले असते आणि मातीऐवजी गवताची उंची मोजली जाते. तुलना पुढच्या मे महिन्याशीच करावी.

उड्डाणाची उंची, मार्ग आणि वेळ दोन्ही वर्षी सारखी ठेवावी आणि लगतच्या छायाचित्रांत सुमारे 75 टक्के भाग सामाईक यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जांभ्या खडकाच्या उघड्या भागांवर रंगाने खुणा करून त्यांचे स्थान अचूक नोंदवावे, कारण या खुणांविना छायाचित्रांतून तयार केलेले दोन वर्षांचे जमिनीच्या उंचीचे नकाशे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि दिसणारा फरक धुपेचा की मोजणीतील चुकीचा, हे सांगता येत नाही. नकाशांच्या वजाबाकीत घळी स्पष्ट दिसतात. पातळ थराने होणारी धूप मात्र सहसा निसटते, तिच्यासाठी जमिनीत रोवलेल्या खुंट्याच बऱ्या.

दाबोळी किंवा मोपा विमानतळाजवळ उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचे निर्बंध तपासावेत.