रेडियम सरकतंय? मोटरला हात लावायच्या आधी शिरोरेषा बघा

दसऱ्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. पिंपळगावकडची पिकअप, मागच्या काचेवर अडीच फुटांचं एकच ‘सप्तशृंगी’, पिवळ्या रेडियममध्ये, म्हणजे चिकटवायच्या स्टिकर शीटमध्ये. कटर मशीनने कापलं, मी बाजूचं जादा रेडियम सोलायला घेतलं आणि पहिल्याच ‘स’पाशी हात थांबला. शिरोरेषा जिथून सुरू झाली तिथे परत येऊन मिळालीच नाही, मधे दोन मिमीची पायरी. परत कापलं तर पायरी तीन मिमी. गाडीवाला बाहेर तिसरा चहा पितोय, फोनवर मेकॅनिक म्हणतोय मोटर गेली असेल नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, उद्या येऊन बघतो, आणि मला उद्या नव्हताच.

ना मोटर गेलेली ना कार्ड. त्या दिवशी संध्याकाळीच ५० मीटरचा नवा रोल चढवला होता, तो मागे स्टँडवर अडकून बसलेला आणि मशीन बिचारं तो सगळा बोजा स्वतःच ओढत होतं. चार हात रेडियम मोकळं करून मागे सोडलं आणि तिसऱ्यांदा कापलं तर रेघ रेघेवर.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, मग बाकीचं सोपं आहे. जुन्या बिलिंगच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाला कडेला भोकं असायची, त्यात दात अडकायचे, कागद हलणार कुठे. आपल्या कटरमध्ये तसं काही नाही. खाली खडबडीत शाफ्ट, वर रबरी पिंच रोलर, दोघांच्या चिमटीत रेडियम, बस्स. मोटर इतक्या स्टेप फिरली म्हणजे रेडियम तितकं सरकलं असं मशीन धरून चालतं, खरंच सरकलं का हे बघायला त्याला डोळे नाहीत. चिमटीत जरा घसरलं की पुढचं सगळं तेवढ्याने चुकलेलं.

आणि इंग्रजी नाव कापताना हे लपून जातं कारण प्रत्येक अक्षर सुटं, ए कापून झाला की बी, अर्धा मिमी घसरलं तरी कोण बघतंय. मराठीत शब्द वेल्ड केला, म्हणजे अक्षरं जोडून एक केली, की शिरोरेषेसकट सगळा एकच आकार होतो. लांब शब्द रोलच्या लांबीत लावला की ब्लेड ‘स’पासून निघतं, वरची रेघ कापत शेवटच्या वेलांटीपर्यंत जातं आणि खालून सगळ्या अक्षरांच्या कडा कापत परत ‘स’पाशी येतं, म्हणजे अडीच फूट जाणं अडीच फूट येणं, वाटेतली सगळी घसरण शेवटच्या सांध्यावर दिसणार. म्हणून कुणी म्हणालं की माझं मशीन इंग्रजी बरोबर कापतं फक्त मराठी फॉन्टला प्रॉब्लेम आहे, तर फॉन्टला काही झालेलं नसतं हो.

आता तपासायचं कसं. ब्लेड काढा, पेन लावा. कोरलड्रॉमध्ये ४०० बाय ४०० मिमीचा चौकोन काढा आणि ओरिजिन, म्हणजे मशीनचा सुरुवातीचा बिंदू, न हलवता तोच तीन वेळा लागोपाठ पाठवा. तिन्ही रेघा एकावर एक बसल्या तर फीड, म्हणजे रेडियम पुढेमागे सरकणं, चांगलं आहे, तुमचा घोटाळा ब्लेडचा किंवा फाइलचा. रेघा रोलच्या दिशेने पुढेमागे सरकल्या तर चिमटीत घसरतंय. ब्लेड धरणारं हेड ज्या दिशेने डावी-उजवी पळतं त्या दिशेला सरकल्या तर रेडियमला शिव्या देऊ नका, हेडचा बेल्ट सैल असेल नाहीतर मोटरच्या पुलीचा बारका स्क्रू ढिला असेल, तो ॲलन की ने आवळायचा. चौकोनाचे दोन कर्ण वेगवेगळे भरले तर रेडियम तिरकं चाललंय. एवढी पाच मिनिटं घालवली की निम्मे उद्योग वाचतात, पण लोक आधी सॉफ्टवेअर उडवून परत टाकतात.

घसरतंय म्हटल्यावर पहिला संशय रोलच्या वजनावर. जेवढं कापायचंय त्याहून हात-दीड हात जास्त रेडियम मागे ढिलं सोडा, झोळीसारखं लोंबू द्या. मागचे रोल ठेवायचे दांडे हाताने फिरवून बघा, फिरत नसतील तर त्यांचा उपयोग काय. पुढच्या बाजूला पण बघा, कापलेलं रेडियम खाली जाऊन स्टँडच्या पायाला किंवा भिंतीला अडतं आणि मागे येताना दुमडतं. आणि पंखा! माझ्याकडे टेबल फॅन मशीनच्या अंगावर होता, मागचं ढिलं रेडियम शिडासारखं फुगायचं आणि प्रत्येक वेळी हलकासा हिसका बसायचा. पंखा बंद केला आणि महिन्याभराचं कोडं सुटलं.

मग पिंच रोलर. बऱ्याच मशीनमध्ये खालचा शाफ्ट पूर्ण खडबडीत नसतो, ठरावीक पट्ट्यांवरच ग्रिट असतं. रोलर त्या पट्टीवर अर्धवट बसला की एक बाजू धरते आणि दुसरी घसरते, रेडियम हळूहळू गोल फिरल्यासारखं तिरकं जातं. कडेपासून एक-दीड सेंमी आत घ्या, दोन्हीकडे सारखं. दाब दोन्हीकडे सारखा आहे का ते बघायला रोलरखाली कागदाची पट्टी घालून ओढा, हाताला लगेच कळतं. मशीन बंद करताना रोलर उचलायचं लिव्हर वर करून ठेवायचं, नाहीतर रबर एका जागी दबून चपटं होतं आणि दर फेऱ्याला एकदा टक करून उडी मारतं. चपटं झालेलं रबर घासून सरळ होत नाही, नवीन रोलर घ्या.

सफाई. ग्रिटच्या खाचांमध्ये कागदाचा भुगा आणि गोंद बसून ती गुळगुळीत होते. जुना टूथब्रश कोरडा घ्या, शाफ्ट हाताने फिरवत घासा. मशीन बंद ठेवून, हे सांगायला नको. तारेचा ब्रश नको. रबराला ओल्या फडक्याने पुसा, थिनर अजिबात लावू नका, रबर फुगतं.

लोड करताना सरळ लावणं ही खरी कला. नुसती पुढची कड मशीनवरच्या खुणेला जुळवून भागत नाही, कारण पुढची कड तुम्हीच काल कात्रीने वाकडीतिकडी कापलेली असते. बाजूची कड बघा. मीटर-दीड मीटर बाहेर ओढा, बाजूची कड मागे आणि पुढे एकाच खुणेवर येते का बघा, मग लिव्हर खाली. त्यानंतर बटणाने जेवढं काम आहे तेवढं रेडियम पुढे पळवा आणि परत मागे आणा. कड कुठे जाते ते आत्ताच दिसतं, आणि ग्रिटचे बारीक ठसे रेडियमच्या पाठीला असलेल्या खालच्या कागदावर एकदा उमटले की कापताना तेच ठसे परत त्याच जागी बसतात, पकड वाढते. अजून एक, ४८ इंची रोल मधून कापून २४ चे दोन करून विकतात, त्यातली एक कड कधीकधी लाटेसारखी असते. अशा रोलची कंपनीकडची फॅक्टरी कड ओळखून तीच जुळवा.

ब्लेड जास्त बाहेर असेल तरी फीडचा प्रॉब्लेम असल्यासारखंच दिसतं. ब्लेड खालच्या कागदात रुततं, कागद धरून ओढतं, कोपऱ्यात गोळा होतं. बारका चौकोन कापून सोला, खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे, मागून बोट फिरवल्यावर रेघ लागली तर खोल जातंय. साध्या रेडियमला माझ्या मशीनवर ८० ते १०० ग्रॅम फोर्स, म्हणजे ब्लेडचा दाब, पुरतो. रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेडात चमकणारं रेडियम, जाड असतं, त्याला फोर्स वाढवण्यापेक्षा ६० अंशाचं ब्लेड लावा आणि स्पीड निम्मं करा. स्पीडचं तर सगळ्यांनाच सांगतो, लांब शब्द असला की कमी करा, घसरण सगळ्यात जास्त दिशा बदलताना हिसक्याने होते.

हवामान लोक विसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये खालचा कागद ओल धरतो आणि कडेला लाटा येतात, त्या लाटांवर रोलर उड्या मारतो. रोल प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, गोदावरीकाठच्या तळघरातल्या दुकानवाल्यांनी तर नक्कीच. जानेवारीत उलटं, निफाडकडून गारठा आला की सकाळी रेडियम कडक होऊन गोल वळलेलंच राहतं, अर्धा तास आधी उलगडून ठेवा मग चढवा. कोरड्या थंडीत स्टॅटिकने ते पट्टीला चिकटतं पण, त्यासाठी अर्थिंग नीट करून घ्या.

एवढं करूनही पाच-सहा फुटी शब्द जुळत नसेल तर हट्ट सोडा. शिरोरेषा दोन अक्षरांच्या मधे तोडा, दोन तुकडे करा, सांध्याला एक मिमी एकावर एक चढवा. काचेवर लावल्यावर दोन हातांवरून कुणाला दिसत नाही.

कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचं माप जुळवणं, सगळ्यात शेवटी, तीन रेघा एकावर एक बसायला लागल्यावरच. ५०० मिमीची रेघ काढली आणि ४९८ भरली तर सेटिंगमध्ये तेवढं प्रमाण बदलायचं, म्हणजे ५०० भागिले ४९८, साधारण १.००४. घसरत असताना हे बदललंत तर आज बरोबर आणि उद्या नवीन रोल लावला की परत चूक. आणि मोजायला स्टीलची पट्टी घ्या, पोरांच्या कंपासमधली नको.