हेलिकॉप्टरची सैर बुक करताना सुरक्षितता कशी पारखावी

सुट्टीच्या ठिकाणी हेलिकॉप्टरची तिकिटं बोटीच्या फेरीच्या तिकिटांशेजारीच विकली जातात, त्यामुळे हाही तसाच एक करमणुकीचा प्रकार वाटतो. तो तसा नाही. मोठ्या विमान कंपन्यांच्या उड्डाणात दोन वैमानिक असतात, किमान दोन इंजिनं असतात, ढगातून उपकरणांच्या आधारे जाण्याची सोय असते. पर्यटनाच्या हेलिकॉप्टरमध्ये बहुतेक वेळा एकच पायलट, एकच इंजिन आणि डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर चालणारं उड्डाण. तेही कड्यांच्या जवळून, हिमनदीवरून, समुद्राच्या काठाने.

म्हणून जाऊच नये असं नाही. अशी कितीतरी उड्डाणं रोज सुखरूप होतात. पण प्रवाशाच्या हातात जे काही असतं, ते जवळजवळ सगळं हेलिपॅडवर पोचायच्या आधी असतं. पंखा फिरू लागला की तुम्ही फक्त वजन असता.

उडवणार कोण, ते आधी विचारा

जाहिरात एकाची, बुकिंग दुसऱ्याकडे आणि हेलिकॉप्टर तिसऱ्याचं, असं सर्रास चालतं. त्यामुळे पहिला प्रश्न हा: हेलिकॉप्टर कोणत्या कंपनीचं आहे आणि तिच्याकडे कोणता परवाना आहे? अमेरिकेत हा फरक फार मोठा आहे. जिथून उडालं तिथेच उतरणारं आणि 25 मैलांच्या आत राहणारं सहलीचं उड्डाण तिथे तुलनेने सैल नियमांखाली चालवता येतं. भाड्याने हवाई वाहतूक करणाऱ्या कंपनीला अमेरिकी हवाई नियमावलीतल्या ‘पार्ट 135’ या भागाचे अधिक कडक नियम लागू होतात: पायलटचं प्रशिक्षण, त्याच्या कामाचे तास, देखभाल, सगळ्यावर जास्त लक्ष. कंपनीकडे ‘पार्ट 135’चं प्रमाणपत्र आहे का आणि तुमचं उड्डाण त्याच नियमांखाली होणार का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. इतर देशांत नियमांची नावं वेगळी असतील, प्रश्न मात्र तोच.

दुसरं काम घरी बसून होतं. अमेरिकेची एनटीएसबी, ऑस्ट्रेलियाची एटीएसबी, न्यूझीलंडचा टीएआयसी, ब्रिटनची एएआयबी या अपघात तपास संस्था आपले अहवाल फुकट आणि सर्वांसाठी खुले ठेवतात. कंपनीचं नाव टाकून शोधा. पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा अपघात दिसला म्हणून लगेच फुली मारू नका. तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते का, ते पाहा. ग्राहकांनी दिलेल्या पाच ताऱ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. ‘पायलट मस्त होता, धबधब्याच्या अगदी जवळ नेलं’ हे कौतुक वाचून खरं तर सावध व्हायला हवं.

तिसरा प्रश्न विचारणारे फार कमी असतात: इंधनाची टाकी धडक सोसणारी आहे का? फेब्रुवारी 2018 मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये सहलीचं एक हेलिकॉप्टर कोसळलं आणि पेटलं. सातपैकी पाच जण गेले. अशा आगी रोखणाऱ्या टाक्यांचा नियम अमेरिकेत 1994 पासून आहे, पण तो नव्याने मान्यता मिळणाऱ्या रचनांनाच लागू होता. जुन्या रचनेची हेलिकॉप्टरं पुढे कित्येक वर्षं जुन्याच टाकीसह बनत राहिली. 2018 च्या कायद्याने नव्याने बनणाऱ्या हेलिकॉप्टरांना ही टाकी सक्तीची केली, तरी आधीची अजून उडतात. चांगली कंपनी या प्रश्नाचं उत्तर चटकन देते, कारण टाकी बदलायला तिने पैसे मोजलेले असतात आणि ते सांगायला तिला आवडतं.

यंत्राच्या आतलं मात्र प्रवाशाला दिसत नाही, हेही मान्य करायला हवं. 10 एप्रिल 2025 रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर सहलीचं हेलिकॉप्टर हवेतच तुटलं आणि त्यातले सहाही जण गेले. असली गोष्ट बाहेरून पाहून कळत नाही. तिथे कंपनीच्या देखभालीच्या सवयींवरच भरवसा ठेवावा लागतो.

मुक्कामाच्या सुरुवातीची सकाळ निवडा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

26 डिसेंबर 2019 ला अमेरिकेच्या हवाई बेटसमूहातल्या काउआई बेटावर सहलीचं हेलिकॉप्टर डोंगराला धडकून सात जण दगावले. यंत्र बिघडलं नव्हतं. हवा बिघडत असताना पायलट डोळ्यांच्या भरवशावर पुढे जात राहिला आणि ढगात शिरला, असा एनटीएसबीचा निष्कर्ष आहे. न्यूझीलंडच्या फॉक्स हिमनदीवर नोव्हेंबर 2015 मध्ये असंच सात जणांचं हेलिकॉप्टर बर्फावर आदळलं, तेव्हाही हवा साथ देत नव्हती. हिमनदीवर आणखी एक अडचण असते. आभाळ पांढरं आणि खाली बर्फही पांढरं असेल, तर जमीन किती खाली आहे हे अनुभवी डोळ्यालाही उमगत नाही.

डोंगराळ भागात ढग दुरून चालत येत नाहीत, ते तिथेच जन्मतात. दमट वारा चढणीवर वर ढकलला जातो, थंड होतो आणि ढग बनतो. मघाशी मोकळी असलेली खिंड परतताना बंद झालेली असू शकते. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही, आणि क्षितिज नसेल तर आतला कान माणसाला बिनदिक्कत फसवतो: हेलिकॉप्टर वळत असतं आणि आत बसलेल्याला ते सरळ चाललंय असं वाटतं.

पायलटला हे सगळं ठाऊक असतं. तरीही तो का जातो? कारण मागे बसलेल्यांनी आधीच पैसे भरलेत, त्यांचं संध्याकाळी परतीचं विमान आहे, आणि कंपनीच्या पुढच्या फेरीचे लोक रांगेत उभे आहेत. हा दाब कमी करणं ही प्रवाशाच्या हातातली सर्वात मोठी गोष्ट आहे. ती अशी करायची:

सैर मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे रद्द झाली तरी पुढे दिवस उरतात. वेळ सकाळची घ्या. डोंगरांवर ढग आणि वारा बहुतेक ठिकाणी दुपारनंतर वाढतात. पैसे भरण्याआधी विचारा की हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात का, आणि अर्ध्यातून परतावं लागलं तर काय. ‘अर्ध्यातून परतलो तर पैसे परत नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर मागे बसलेला प्रत्येक माणूस पुढे जायचा हट्ट धरणार, हे उघड आहे. आणि निघण्यापूर्वी पायलटला एवढं एक वाक्य जरूर म्हणा: ‘हवा ठीक वाटली नाही तर खुशाल परत फिरा, आमची काही तक्रार नाही.’ म्हणायला किंचित अवघड वाटतं, पण याहून उपयोगी वाक्य सापडणं कठीण.

आभाळ भरून आलेलं असताना काउंटरवरचा माणूस ‘काही होत नाही’ म्हणत असेल, तर तुम्ही स्वतः नाही म्हणू शकता. बुडालेले पैसे बुडू द्या.

वजन खरं सांगा

हेलिकॉप्टरला एकूण वजन आणि ते कुठे बसतं, दोन्हीचं पक्कं गणित लागतं. म्हणून चांगल्या ठिकाणी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात, आणि कोण कुठे बसणार ते पायलट ठरवतो. खिडकीची जागा हवी म्हणून वाद घालू नका. बुकिंगच्या वेळी पाच किलो कमी सांगण्यात कसली शान? उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते, उचलण्याची ताकद घटते, आणि तुमचे पाच किलो त्याच ताकदीतून जातात. कुणी वजन न करताच चढवत असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही, परत फिरा.

लहान मूल मांडीवर घ्यायला काही देशांत परवानगी असते. तरीही त्याच्यासाठी वेगळं आसन आणि वेगळा पट्टा मागा. आदळण्याच्या क्षणी मूल हातात धरून ठेवणं कुणालाही शक्य नाही.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर क्रम नीट लावा. डायव्हिंगनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मध्ये 24 तास जाऊ द्या, किंवा सरळ उड्डाण आधी आणि डायव्हिंग नंतर करा.

बक्कल जमिनीवरच उघडून पाहा

सुरक्षेची माहिती सांगतात तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. माहिती फक्त व्हिडिओवर दाखवली असेल, तर बसल्यावर हाताने करून पाहा: पट्टा लावा, काढा, पुन्हा लावा. हेलिकॉप्टरांचे पट्टे मोटारीसारखे नसतात. काही चार टोकांचे, काही फिरवून उघडायचे. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. खांद्याचा पट्टा खरोखर खांद्यावर हवा.

हे किरकोळ वाटेल. जानेवारी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला सहलीची दोन हेलिकॉप्टरं हवेत एकमेकांवर आदळली, एक नुकतंच जमिनीवरून वर चढत होतं, दुसरं उतरत होतं. चार जण गेले. तपासात असंही दिसलं की प्रवाशांचे पट्टे नीट बसलेले नव्हते आणि कमरेला बांधलेलं लाइफ जॅकेट त्यात आडवं येत होतं. तेव्हा जॅकेटची पिशवी पट्ट्याखाली दबलेली नाही ना, ते हात फिरवून बघा. दाराची मूठ कुठे आहे आणि ती कोणत्या दिशेने उघडते, तेही डोळ्यांनी नको, हाताने शोधा.

दारं काढलेलं हेलिकॉप्टर

फोटो छान येतात म्हणून दारं काढून नेण्याची पद्धत आहे. मार्च 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत अशाच उड्डाणात पाच प्रवासी बुडाले, पायलट वाचला. प्रवाशांना पाठीमागून जादा दोरीने बांधलेलं होतं. एकाच्या त्या दोरीत इंधन बंद करण्याचा दांडा अडकला, इंजिन बंद पडलं, हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं. हेलिकॉप्टरला पाण्यावर तरंगतं ठेवणारे आणीबाणीचे फुगे पूर्ण फुगले नाहीत, ते उलटलं, आणि पाठीमागून जोडलेली दोरी कुणालाच सोडवता आली नाही. त्यांना पट्टा कापायचं एक हत्यार दिलेलं होतं, ते कामी आलं नाही. त्यानंतर अमेरिकी हवाई प्रशासनाने चटकन न सुटणाऱ्या अशा पट्ट्यांसह दारं उघडी ठेवून उडण्यावर बंदी घातली.

कसोटी सोपी आहे. अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट तुम्हाला स्वतःला, समोरून, न बघता, एका झटक्यात सोडता येते का? नसेल तर उतरा. मला विचाराल तर बंद दाराचंच घ्या. गडद कपडे घातले की काचेत प्रतिबिंब कमी पडतं आणि फोटो पुरेसे चांगले येतात.

हवेत

उड्डाण आणि उतरणं या दोन्ही वेळी पायलटशी गप्पा मारू नका. एरवी मात्र दुसरं हेलिकॉप्टर, ड्रोन किंवा पक्ष्यांचा थवा दिसला तर लगेच सांगा: ‘डावीकडे, आपल्याच उंचीवर.’ त्याला दिसलंच असेल असं धरून गप्प बसू नका.

‘अजून जवळ घ्या ना’ ही विनंती टाळा. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणारी हवा पंखा फिरवत ठेवते आणि पायलट त्या जोरावर उतरवू शकतो. पण त्यासाठी उंची किंवा वेग, काहीतरी हाताशी लागतं. धबधब्यासमोर खाली स्थिर तरंगताना यातलं काहीच पुरेसं नसतं. जवळून काढलेल्या फोटोची किंमत ही आहे.

पाण्यावरून जाणार असाल तर

विचारा: आणीबाणीचे फुगे बसवलेत का, आणि लाइफ जॅकेट अंगावर घालणार की आसनाखाली ठेवणार? अंगावर हवं. इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या बाजूला असल्याने पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर लवकर उलटतं. तसं झालंच तर एक हात खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीवर, दुसरा बक्कलवर ठेवा. सगळं हलायचं थांबेपर्यंत पट्टा सोडू नका, कारण पट्टा आधी सुटला तर वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासं होतं. मग चौकट न सोडता बाहेर या. जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवा. आत फुगवलं तर ते तुम्हाला छताशी दाबून धरेल.

चढताना आणि उतरल्यावर

कर्मचारी नेईल तेव्हाच, पायलटला दिसाल अशा बाजूने, समोरून किंवा आडवे जा. शेपटीकडे कधीही नाही. तिथला छोटा पंखा फिरताना जवळजवळ अदृश्य होतो. उतारावर असाल तर चढाच्या बाजूने जवळ जाऊ नका, तिकडे मुख्य पंख्याची पाती जमिनीला जवळ असतात. टोपी, ओढणी, सेल्फी स्टिक सगळं आधीच बॅगेत.

उतरताना लोक सैल पडतात. 2022 मध्ये अथेन्सजवळ हेलिकॉप्टर उतरल्यानंतर, पंखे फिरत असतानाच, एका तरुण ब्रिटिश पर्यटकाचा शेपटीच्या पंख्याने जीव घेतला. पंखे पूर्ण थांबेपर्यंत किंवा कर्मचारी दार उघडून हाताला धरून नेईपर्यंत बसून राहा, कितीही घाई असली तरी.

फेरीत काही खटकलं असेल, म्हणजे वजन केलं नाही, पट्टा तपासला नाही, ढगात शिरले, तर कंपनीला सांगून थांबू नका. त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाकडे लिहून कळवा. तारीख, वेळ आणि हेलिकॉप्टरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला नोंदणी क्रमांक एवढं पुरतं. तो क्रमांक तुमच्या एखाद्या फोटोत सापडेलच.