हवा घेणारा कार्बोरेटर आणि माझं पहिलं पॅकिंग

परभणीत उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझ्याकडे सोपवलेली पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, त्यावर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. तक्रार एकच, स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहत नाही. रेस दिली की नीट, पाय काढला की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं, मग बंद. मी दोन दिवस स्लोचा स्क्रू फिरवत बसलो. उस्तादांनी चालू गाडीत कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडावर, ऑइलचे चार थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले आणि तेवढ्या वेळापुरतं इंजिन एका सुरात चाललं.

"हवा घेतंय बेटा. जेटला हात नको लावू."

म्हणजे जोडातून जादा हवा आत शिरत होती; पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र, म्हणजे जेट, त्याचा दोष नव्हता. नव्याने शिकणाऱ्याने ही तपासणी आधी करावी. पेट्रोल शिंपडून बघणारेही आहेत, पण गरम एक्झॉस्ट शेजारी असताना मी ते कधीच करणार नाही.

दोन भागांच्या जोडातून गळती होऊ नये म्हणून मध्ये घालतात त्या गॅस्केटला आमच्याकडे पॅकिंगच म्हणतात. या कार्बोरेटरखाली ते एकटं नसतं. मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर, कागदी पॅकिंग, त्यावर बॅकेलाइटचा जाड ठोकळा, त्यावर पुन्हा पॅकिंग आणि मग कार्बोरेटर. पुष्कळ गाड्यांत कुणीतरी हा ठोकळा काढून टाकलेला सापडतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, इंजिनची धग सरळ वर चढते, पेट्रोल आतच उकळतं आणि गाडी रस्त्यात उभी राहते. ठोकळा नसेल तर आधी तो मिळवा.

माझी चूक सांगतो. जुनं पॅकिंग मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं. अ‍ॅल्युमिनियम मऊ, चरे पडले. ते झाकायला सिलिकॉन फासलं आणि नट जोर लावून आवळले. गाडी जिंतूरला जाऊन आली ती पुन्हा मिसिंग करतच. उघडलं तर पेट्रोलने सिलिकॉन फुगून मऊ झालेलं, त्याची एक तार आत लोंबत होती. ती तुटली असती तर थेट इंजिनात ओढली गेली असती. सिलिकॉन या जागी नकोच.

उस्तादांनी कार्बोरेटरच्या बुडाच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या सपाट कडेवर, मार्करने आडव्या रेघा ओढायला लावल्या. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर, आणि त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासायचा. पहिल्या फेऱ्यांत फक्त दोन्ही कानांवरच्या, म्हणजे नट बसतात त्या टोकांवरच्या, रेघा गेल्या, मधल्या भोकाभोवती काळं तसंच. म्हणजे नट जास्त आवळल्याने कान खाली वाकलेले. शेवटची रेघ जाईपर्यंत मी घासत होतो, दुपार गेली. पॅकिंग कापायला मात्र दहा मिनिटं पुरली.

मॅनिफोल्ड साफ करताना तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कागदाचा तुकडा आत पडता कामा नये. पॅकिंग कापायला फ्लँजला बोटाने जरासं ऑइल लावून पॅकिंग पेपरवर दाबा, ठसा उमटतो. भोकं पंचाने पाडा, कडा कात्रीने. हातोडीने ठोकून कापायची जुनी रीत आहे, पण अ‍ॅल्युमिनियमच्या कडा त्याने मरतात. ठशात बारीक भोक दिसलं तर तेही पाडायचं, ते बुजलं तर हवेची किंवा व्हॅक्यूमची वाट बंद होते. मधलं भोक किंचित मोठं ठेवा, कागद आत डोकावू नये.

नट दोन्हीकडून आळीपाळीने, थोडे थोडे. पाना लहान घ्या आणि टोकाला न धरता मध्ये धरा, नटावर जोर आपोआप कमी पडतो.

फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, झाकणाचं पॅकिंगही त्याच वेळी बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं कॉर्क आणि रबर त्यात लवकर खराब होतं. तिथे पेट्रोलला टिकणारा कागदच घ्या.

गाडी चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, मग बंद करून थंड. कागद दबलेला असतो, नट पुन्हा एकदा हलक्या हाताने बघा. त्यानंतरच स्लो सेट करायला घ्या. त्या पद्मिनीला स्क्रू अर्धा फेराही फिरवावा लागला नाही.