बुजू बँटन ऐकायचाय? मग शफल बंद करा आणि सालाप्रमाणे ऐका

जमैकाचा गायक बुजू बँटन ऐकायचा म्हणून लोक कुठलीतरी प्लेलिस्ट लावतात, शफल ऑन करतात आणि दहा मिनिटांत बंद, कारण एक गाणं घसा खरवडून काढल्यासारखं आणि पुढचं एकदम शांत, हा एकच माणूस आहे का असंच वाटतं. एकच आहे. आणि तो कसा बदलत गेला तेच तर ऐकायचंय.

आधी दोन शब्द क्लिअर करून घ्या. जमैकात डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा नाही, त्याला तिथे सिलेक्टर म्हणतात, डीजे म्हणजे तालावर बोलत बोलत गाणारा, बुजू तसा. आणि रिडिम म्हणजे बेस-ड्रमचा तयार ट्रॅक, त्यावर कितीतरी जण आपापली गाणी म्हणतात, म्हणून दोघांची गाणी खालून सेम वाटली तर चोरी समजू नका, तिथली पद्धतच ती आहे. १९८५ चा स्लेंग टेंग रिडिम तर कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातल्या तयार ठेक्यावर बनलाय! डान्सहॉल, म्हणजे जमैकातलं हे नाचायचं, डीजेंचं संगीत, डिजिटल झालं ते तिथून, आणि बुजू त्याच किंग्स्टनमध्ये मोठा झाला, जन्म १९७३ चा.

सुरुवात १९९२ च्या 'मिस्टर मेन्शन' अल्बमपासून करा. पोरगं विशीचंही नाही आणि आवाज पन्नाशीच्या माणसाचा. त्याच काळातलं 'लव्ह मी ब्राउनिंग' ऐका, त्यात उजळ रंगाच्या मुलींचं कौतुक आहे, त्यावरून टीका झाली तेव्हा त्याने काळ्या बायकांसाठी वेगळं गाणं काढलं, दोन्ही लागोपाठ लावा. भाषेचं टेन्शन घेऊ नका, पाटवा म्हणजे जमैकाची बोली, त्यात 'मी' म्हणजे मी, मला, माझं सगळंच, आणि शब्दामागे 'डेम' आलं की अनेकवचन, एवढ्यावर बरंच कळायला लागतं.

याच काळात समलिंगी लोकांना मारायची भाषा करणारं 'बूम बाय बाय' पण आलं. ते वाईटच आहे, वयाचं कारण देऊन मी तरी ते झाकणार नाही. २०१९ मध्ये त्याने ते आपल्या कॅटलॉगमधून काढून टाकलं. माहीत असू द्या, ऐकायची गरज नाही.

आता खरी जागा. १९९३ मध्ये पॅनहेड नावाच्या डीजेचा गोळ्या घालून खून झाला आणि त्यानंतर बुजूचं 'मर्डरर' आलं, मग तो रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाकडे वळला, जटा वाढवल्या, आणि १९९५ ला 'टिल शायलो' आला. हा अल्बम घाईत ऐकू नका. हेडफोन लावा आणि पहिल्यांदा 'अनटोल्ड स्टोरीज', साधी गिटार आणि त्यावर तोच खरखरीत आवाज, पण आता ओरडत नाही, गरिबीचं गाऱ्हाणं जवळ बसून सांगतोय. मला अजूनही ते चालू असताना दुसरं काही करता येत नाही. नंतर एखादं वन ड्रॉप तालातलं रेगे गाणं घेऊन बोटांवर एक ते चार मोजा: गिटारची खटखट दोन आणि चारवर, ड्रमचा जोर तीनवर आणि एक चक्क मोकळा. आपल्याला समेवर ठोका ऐकायची सवय, इथे समच रिकामी, म्हणून सुरुवातीला तोल गेल्यासारखं वाटतं, चार-पाच वेळा मोजलं की अंग आपोआप डोलायला लागतं.

१९९७ चा 'इना हाइट्स' त्याच वाटेवरचा, 'डेस्टिनी' तेवढं चुकवू नका.

पुढे २००९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कोकेनच्या केसमध्ये अटक. २०११ च्या फेब्रुवारीत 'बिफोर द डॉन' अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि त्याच महिन्यात कोर्टाने दोषी ठरवलं. सुटला डिसेंबर २०१८ ला, आणि १६ मार्च २०१९ ला किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियममध्ये परत स्टेजवर उभा राहिला. त्यानंतरचा 'अपसाइड डाऊन २०२०' सगळ्यात शेवटी लावा, आणि तो संपला की लगेच १९९२ चं एखादं गाणं परत लावून दोन्ही आवाज एकामागे एक ऐका.