फ्लाइट सिमसाठी पीसी अपग्रेड अन् ओव्हरक्लॉकिंग करताय? मग या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

लातूरला वरच्या मजल्यावर स्लॅबखाली माझी खोली. मे महिन्यात दुपारी तीनला तिथं थर्मामीटर ४१ दाखवतो, अन् त्याच खोलीत मी डिसेंबरात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून (म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवून) "एकदम स्टेबल आहे बगा" म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होतो. मे लागला, नांदेडवरून सेसनाचं छोटं विमान काढलं मुंबईला (सिममधी, म्हणजे विमान उडवायच्या गेममधीच, खऱ्यात कुठं परवडायलंय), बीड मागं पडलं, नगर मागं पडलं, आता घाट दिसणार म्हणून खिडकीतून वाकून बघायलो तर स्क्रीन निळी. दीड तास गेला पाण्यात. परत केलं, परत तसंच. आठ दिवस मी गेम अनइन्स्टॉल, ड्रायव्हर अनइन्स्टॉल, विंडोज नवीन टाक, असलंच करत बसलो, अन् दोष होता माझ्याच डिसेंबरातल्या सेटिंगचा.

पण त्याच्या आधीची चूक त्याहून महागात पडली, ती आधी सांगतो.

ग्राफिक्स कार्ड आधी घेऊ नका

गेम अडकायला लागला की सगळेच म्हणतात कार्ड बदल. दुकानातही तेच सांगतात, आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. मी घेतलं. मुंबईवर २८ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळत होते, नवं कार्ड टाकल्यावर किती? २८. बायकोला काय सांगायचं आता.

झालं काय, फ्लाइट सिम बाकीच्या गेमसारखं नसतं. विमानाचं फिजिक्स, कॉकपिटमधले स्क्रीन, हवामान, आजूबाजूचं ट्रॅफिक, जमिनीवर कुठली घरं कधी आणायची ते, यातलं बरंच काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोरवर चालणारी कामाची रांग) येऊन पडतं, त्याला मेन थ्रेड म्हणतात. तो थ्रेड दमला की कार्ड कितीही भारी असूदे, ते निस्तं वाट बघत बसतं. वरून टास्क मॅनेजर फसवतो, त्यात सीपीयू ३० टक्के दिसतो म्हणून आपल्याला वाटतं प्रोसेसर तर रिकामाच आहे की ओ. तो आकडा सगळ्या कोरची सरासरी असतो, एक कोर पूर्ण घासला जातोय अन् बाकीचे बसून आहेत हे त्यात दिसतच नाही.

म्हणून पैसे काढायच्या आधी पाच मिनिटं हे करा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधी जनरल ऑप्शनमधून डेव्हलपर मोड चालू करा, वर जी पट्टी येते तिथल्या डीबग मेनूमधून एफपीएस डिस्प्ले लावा. तिथं स्पष्ट लिहून येतं, लिमिटेड बाय मेनथ्रेड का लिमिटेड बाय जीपीयू. एक्स-प्लेनवाल्यांनी डेटा आउटपुटमधून फ्रेमरेटवाली ओळ चालू करायची, त्यात सीपीयू टाइम अन् जीपीयू टाइम वेगवेगळे दिसतात. काहीच सापडलं नाही तर सोपं म्हणजे रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस हलले नाहीत तर कार्डाचा काही संबंध नाही, भांडण प्रोसेसरशी आहे. मी १४४० वरून ७२० वर आणलं तरी २८ चे २८च, हे आधी केलं असतं तर पैसे वाचले असते.

मेन थ्रेड अडकत असेल तर आधी फुकटातले उपाय. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती लांबपर्यंत बारकाईनं दाखवायची ते) २०० वर असेल तर १०० वर आणा, विमानतळावरचं ट्रॅफिक कमी करा. मोठ्या शहरावर लगेच फरक पडतो. ढगांची क्वालिटी कमी करून या केसमधी काही होत नाही, ढग कार्डाच्या अंगावर असतात. डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) पण तसंच, ते कार्डाचं ओझं हलकं करतं, अन् कार्ड आधीच मोकळं आहे ना.

कार्ड कधी घ्यायचं मग? लिमिटेड बाय जीपीयू दिसलं, फोरके मॉनिटर आहे, व्हीआर घ्यायचंय, किंवा ८ जीबीच्या कार्डाची मेमरी भरून चाललीय, तेव्हा खुशाल घ्या.

रॅमची एकच काडी

परभणीचा एक दोस्त फोनवर विचारायला, "काऊन रे झटके यायलेत, १६ जीबी तर आहे की." आहे, पण १६ ची एकच काडी. एका काडीवर सिंगल चॅनल चालतं, म्हणजे मेमरीचा रस्ताच अर्धा. अन् दोन काड्या असल्या तरी बरेच जण शेजारी-शेजारी टोचतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा अन् चौथा, बहुतेक मदरबोर्डांवर हेच, तरी बोर्डाच्या पुस्तकात बघून घ्या.

दुसरं म्हणजे एक्सएमपी, रॅमला खोक्यावरच्या स्पीडनं चालवायचं सेटिंग. खोक्यावर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमधी (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डाचं सेटिंग) ते प्रोफाइल चालू केल्याशिवाय बरीच किटं २१३३ नाहीतर २६६६ वरच चालतात. एएमडीच्या डीडीआर-५ बोर्डावर त्याच गोष्टीला एक्स्पो म्हणतात. टास्क मॅनेजरमधी मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, आत्ता उठून बघा. माझी रॅम दोन वर्षं २१३३ वर चालत होती अन् मी मात्र प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झनी वाढवायला रात्री जागत होतो! मायक्रोसॉफ्टच्या २०२४ वाल्या सिमला कमीत कमी १६ अन् रेकमेंडेड ३२ जीबी आहे, त्यामुळं नवीन घेताना १६-१६ च्या दोन, एकाच किटमधल्या. जुनी एक अन् नवीन एक अशी खिचडी करू नका. रायझनच्या नव्या एएम-५ बोर्डावर तर चार काड्या भरल्या की डीडीआर-५ चा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, म्हणजे जास्त रॅम टाकून हळू झालो.

ओव्हरक्लॉकिंग: आधी हिशोब, मग बायोस

५ टक्के क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, वाढला तर मेन थ्रेडला जास्तीत जास्त ५ टक्केच मिळणार, म्हणजे ३० चे साडेएकतीस. एवढंच. पण उष्णता काय अशी सरळ वाढत नाही, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. क्लॉक १० टक्के अन् त्यासाठी व्होल्टेज पण १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळपास ३३ टक्के जास्त उष्णता. आता ती टाकायची कुठं, ४१ च्या खोलीत?

कूलर कितीही महागाचा घ्या, वॉटरकूलिंग असलं तरी, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्याच्या हातात. माझा प्रोसेसर डिसेंबरात खोली २२ असताना ७४ वर होता, म्हणजे वर ५२. तेच मेमधी ४१ वर लावा, ९३. तिथं तो स्वतःच क्लॉक कमी करायला लागतो, नाहीतर क्रॅश होतो, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर न केलेल्यापेक्षा हळू. पुण्याचे लोक व्हिडिओमधी जे आकडे दाखवतात ते बघून आपण सेटिंग ठेवायचं नाही. गावाकडं काकांच्या माळवदाच्या घरात दुपारी पण गारवा असतो, पीसी तिकडंच न्यावा असं खरंच एकदा मनात आलं होतं.

त्यामुळं टेस्ट करायची तर भर दुपारी. ओसीसीटी नाहीतर प्राइम९५ (प्रोसेसरवर मुद्दाम लोड टाकणारे प्रोग्राम) लावा, शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, त्यात थर्मल थ्रॉटलिंगपुढं येस आलं की खाली या. अन् दहा मिनिटं पास झालं म्हणजे स्टेबल असं नाही, सिममधी दोन-तीन तासाची फ्लाइट मारा. क्रॅश झाला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधी व्हीया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या एररची नोंद) शोधा. ती एरर दिसली तर गेमला शिव्या देण्याआधी ओव्हरक्लॉक काढून बघा, रॅमचं एक्सएमपी पण. बायोसच उघडत नसेल तर घाबरू नका, लाईट बंद करून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, सेटिंग मूळपदावर येतं.

खरेदीतली चूक सांगायची राहिली. इंटेलला मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉक ठरवणारा आकडा, वाढवायचा तर प्रोसेसरच्या नावात के पाहिजे अन् बोर्ड झेड चिपसेटचा. के वाला प्रोसेसर बी७६० बोर्डावर टाकून लोक बसतात, त्यात रॅमचा स्पीड वाढतो पण मल्टिप्लायर नाही, अन् एच६१० वर तर रॅमचं पण नाही. एएमडीला बी सिरीजचा बोर्ड चालतो, ए५२० नाही. जुना १३ व्या-१४ व्या पिढीचा इंटेल घेत असाल तर बायोस अपडेट आधी करा, त्यात व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर कायमचा बिघडण्याचा प्रॉब्लेम निघाला होता, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर दुरुस्तीचे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारं प्रोसेसरचं सॉफ्टवेअर) आले. अपडेटनं आधीच बिघडलेला नीट होत नाही, एवढं सेकंडहँड घेताना लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर सिमसाठी ओव्हरक्लॉकच्या मागं लागण्यापेक्षा एएमडीचा एक्सथ्रीडी प्रोसेसर बघा. रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी २०२२ ला आला, ९६ एमबी एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), अन् सिमला कॅश लई मानवते. जुना एएम-४ बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून तोच बोर्ड चालू शकतो. त्याचा मल्टिप्लायर लॉक आहे, पण आपल्या उन्हाळ्यात ते बरंच आहे. मिळाला तर घ्या, आम्ही लातूर-नांदेडवाले सिकंदराबादच्या कॉम्प्युटरच्या सीटीसी मार्केटला चक्कर मारतो, तिथं जुना माल चालू करून दाखवा म्हणायचं, नुसतं खोकं बघून पैसे द्यायचे नाहीत.

लाईटचं काय

आपल्याकडं लाईट डिम-फुल होते हे विसरून कुणीच पीसी बांधू नये. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्याच्यावर गेमिंग पीसी अन् मॉनिटर फुल लोडला टिकत नाही, लाईट गेली की यूपीएस टीं टीं करून तोही जातो. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर मागं यूपीएस मोडचं बटण असतं, इन्व्हर्टर त्या मोडवर नसेल तर लाईट जाताना पीसी रिस्टार्ट होतो अन् आपण म्हणतो रॅम खराब. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) पैसे वाचवू नका, अन् सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही.

अन् कूलर, म्हणजे वाळ्याचा डेझर्ट कूलर. त्याची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, खोली गार करा पण तोंड दुसरीकडं. ओली हवा अन् आपल्याकडचा फुफाटा मिळून फिल्टरवर चिखलासारखा थर बसतो, माझा पुढचा फॅन काढला तेव्हा जाळी दिसतच नव्हती. महिन्याला ब्लोअर मारा, मारताना पंखा बोटानं धरून.

जॉयस्टिक मधूनच बंद पडत असेल तर नवीन घ्यायच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमधी यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा, विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं. हार्डडिस्कवर सिम असेल तर एसएसडीवर न्या. बाकी माझं आता ओव्हरक्लॉक शून्य, एक्सएमपी चालू, फ्रेम ३० वर लॉक. परवा भर दुपारी परत नांदेडवरून निघालो, घाट उतरलो, मुंबईला रनवे २७ वर टेकलो, प्रोसेसर ८१ वर होता. मी मात्र घामानं निथळत होतो.