चालत्या लोकलमध्ये पॅनिक अटॅक आला तर काय करावं

सकाळची फास्ट डोंबिवलीहून सुटली की एकदम ठाण्याला थांबते. त्या दिवशी ती मुंब्र्याच्या आसपास सिग्नलला उभी राहिली. पंखे फिरत होते, पण वारा लागत नव्हता. अचानक छातीत धडधडायला लागलं, घशाला कोरड पडली, बोटांना मुंग्या आल्या आणि वाटलं, आता आपण इथेच मरणार. हाच पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी उसळणारी तीव्र भीती. ठाण्याला कसाबसा उतरलो, बाकावर बसलो, अर्ध्या तासात सगळं निवळलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्या गाडीला गेलोच नाही. माझी खरी चूक ती. का, ते शेवटी सांगतो.

आधी हृदयाची शंका फेडून घ्या

पहिल्यांदाच असं झालं असेल, तर 'टेन्शनमुळे असेल' किंवा 'ॲसिडिटी असेल' हा निकाल स्वतः लावू नका. छातीवर दाब येतोय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, मधुमेह आहे, वय चाळिशीपुढचं आहे, तर सरळ १०८ ला फोन करा. एरवीही डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते. रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टरांनी पॅनिक म्हणून सांगितलं, की तिथे थांबा. मी वर्षभरात चार ईसीजी काढले. प्रत्येकाने आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा शंका.

शरीरात काय चाललंय ते ओळखा

मेंदूला धोका दिसला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो. समोर वाघ असता तर हे उपयोगाचं होतं. डब्यात पळायला जागा नसते आणि वाघही नसतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे 'हवा पुरत नाही' असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात आपण गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. चक्कर येऊन पडण्याची भीतीही बहुतेकदा फोल ठरते, कारण माणूस बेशुद्ध होतो तो रक्तदाब उतरल्यावर, आणि घाबरल्यावर तो सहसा चढतो.

भीतीची ही लाट साधारण १० मिनिटांत शिगेला पोचते, मग ओसरते. ती रोखायची ताकद लावली, की तेवढीच ती लांबते.

प्रत्यक्ष त्या वेळी

मनात म्हणा, 'हा पॅनिक आहे, मागेही आला होता, गेला होता.' मग श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. घेण्याकडे नको. खोल श्वास घ्या, असं आपल्याकडे जो तो सांगतो, पण घाबरलेला माणूस आधीच हवा ओढत असतो. नाकाने चार अंक मोजत हळू घ्या आणि बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून सहा अंक मोजत सोडा. गर्दीत सॅक पुढे लावलेली असतेच, ती पोटाशी धरा. पोटाने ती हळूच पुढे ढकलली जातेय का, बघा. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय करू नका, दमेकऱ्याला किंवा हृदयविकार असलेल्याला त्याने अपाय होऊ शकतो.

खांदे सैल सोडा. डब्यातल्या पाच गोष्टी मनात नावं घेऊन मोजा: कडी, पंखा, भजनी मंडळाचे टाळ, समोरच्याचा पेपर, इंडिकेटर. वेडेपणा वाटेल, पण लक्ष धडधडीवरून हटतं.

शेजारच्या प्रवाशाला असं झालं, तर 'काही नाही हो, घाबरू नका' एवढंच म्हणून सोडू नका. 'मी आहे इथे, माझ्याबरोबर श्वास सोडा' म्हणा, आणि भोवतालच्यांना थोडं सरकायला सांगा.

मदत घेताना

महिन्याभरात पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा 'पुन्हा येईल का' या काळजीतच दिवस जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेवर १४४१६ या क्रमांकाला फोन करून मराठीतही बोलता येतं, दिवस-रात्र, फुकट. पॅनिकवर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे भीतीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत, चांगली लागू पडते. रोजच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मनाने बंद करू नका. आणि शेजाऱ्याने दिलेली 'झोपेची अर्धी गोळी' अजिबात नको. ॲलप्रॅझोलमसारख्या गोळीची सवय लागते. चहा-कॉफी कमी करा, झोप सांभाळा, हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

गाडीत परत चढणं

गाडी टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की गाडी खरंच धोक्याची होती. मग आपण आधी फास्ट सोडून देतो, मग गर्दीची वेळ, मग लोकलच. मी आठ महिने बसचे धक्के खाल्ले.

परतीचा रस्ता एकेका स्टेशनाचा. दुपारी दोनच्या सुमारास रिकामी स्लो पकडा, डोंबिवली ते कोपर. सुरुवातीला कुणी सोबत असलं तरी चालेल. धडधडलं तरी मध्येच उतरायचं नाही, ठरलेल्या स्टेशनपर्यंत बसायचं. आठवडाभर तेवढंच. मग दिवा, मग मुंब्रा, मग ठाणे. त्यानंतर एकट्याने, त्यानंतर फास्ट, सगळ्यात शेवटी सकाळची गर्दी. एखाद्या दिवशी नाही जमलं, तर एक स्टेशन मागे या, घरी बसू नका.

मला ठाण्यापर्यंत पोचायला अडीच महिने लागले. आता रोज फास्टने जातो. अजून दाराजवळच उभा राहतो, 'गरज पडली तर उतरता येईल' म्हणून. समुपदेशक बाई म्हणतात, तेही सोडा. पुढच्या सोमवारपासून आत सरकायचं ठरवलंय.